अंगठा देण्याआधी

(फेब्रुवारी १९९७ मध्ये नायगावला मिठागराजवळ झालेल्या कार्यकर्ता शिबिरात संघटनेतर्फे केलेलं भाषण. टिपणांवरून उतरवलं आहे. मधली प्रश्नोत्तरं जागेअभावी भाषणातच घेतली आहेत.)



आजचं शिबिर जमिनीचं आहे. वनप्लॉटचे दावे, सात-बारा, फेरफार, सगळं दुपारी होणार आहे. सकाळचे दोन तास आम्ही दुसऱ्या विषयासाठी मागून घेतले. का घेतले ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर आपल्या एका पाड्यावरचा माणूस हायवेवर गेला. त्याची बायको इथं समोर बसलीय, लहान मुलगा मांडीवर आहे. तिचं नाव आम्ही घेणार नाही. तिला विचारूनच हे सगळं सांगतो आहोत. ती म्हणाली, सांगा, म्हणजे दुसरीचं असं नको व्हायला.

पण आधी आमची चूक सांगतो, कारण तिथूनच शिकलो.

दोन पावसाळ्यांपूर्वी बापाण्याच्या पुढं संध्याकाळी एका म्हाताऱ्याला गाडीनं उडवलं. आम्हाला कळलं तसे आम्ही शंभर-दीडशे माणसं घेऊन गेलो. रस्ता अडवला. दोन तास एक गाडी हलू दिली नाही. घोषणा दिल्या. साहेब आले, आश्वासन दिलं, निवेदन घेतलं. आम्ही जिंकल्यासारखे घरी आलो. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गाडीचा नंबर? नंबर कुणाकडेच नव्हता. शंभर-दीडशे माणसं होती, पण ज्यांनी गाडी पाहिली होती त्या दोन पोरांना आम्ही विचारलंच नव्हतं. ती पोरं जव्हारकडची, भट्टीवर आलेली. पावसाच्या तोंडावर भट्टी उठली, ती निघून गेली. पोलिसांत नोंद झाली ती नुसती ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यू. गुन्हा नाही, गाडी नाही, ड्रायव्हर नाही. घोषणा देणं आम्हाला येतं. त्या दिवशी एक पेन्सील जवळ असती तर जास्त उपयोग झाला असता.

गाडी पळून गेली, नंबर मिळालाच नाही, तरी सरकारकडून पैसे मिळतात. ही गोष्टही आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. १९८९ची योजना आहे. मेलेल्या माणसामागे आता २५,००० रुपये, जबर जखमीला १२,५००. पूर्वी ८,५०० आणि २,००० होते, १९९४च्या दुरुस्तीनं वाढले. अर्ज महसूलखात्याकडे करायचा, प्रांत किंवा तहसीलदार चौकशी करतो, कलेक्टर मंजूर करतो. मुदत सहा महिने. आम्हाला नवव्या महिन्यात कळलं. सबळ कारण दिलं तर वर्षापर्यंत अर्ज घेता येतो, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज जोडला, आणि पुढं बरेच खेटे घालून पैसे मिळाले. म्हाताऱ्याच्या घरच्यांनी आम्हाला दोष दिला नाही. आम्ही मात्र स्वतःला देतो.

आता दिवाळीनंतरची गोष्ट.

माणूस बत्तीस वर्षांचा. वीटभट्टीवर कामाला. संध्याकाळी हायवेच्या कडेनं पाड्याकडे चालला होता. हा रस्ता आपल्या लोकांना ठाऊक आहे. ना पायवाट ना दिवा. एका बाजूला भट्ट्या आणि दगडखाणी, दुसऱ्या बाजूला खाडीची खाजण. १९९० साली सिडको इथली नियोजन प्राधिकरण झाली, त्यानंतर वसईत इमारतींचं पीक आलंय. त्या इमारतींना वीट हवी, रेती हवी, खडी हवी, भरावाला माती हवी. ते सगळं डंपरनं जातं, आणि डंपरवाल्याला खेपेवर पैसे. खेप वाढली की पैसा वाढतो. कडेनं चालणारा माणूस त्या हिशेबात कुठंच नसतो.

मागून डंपर आला. माणूस साइडपट्टीच्या बाहेर फेकला गेला. त्याच्या चपला गवतात सापडल्या, त्याच्या भावानं उचलून आणल्या. (त्या उचलायला नको होत्या, ते पुढं सांगतो.) दवाखान्यात नेईपर्यंत जीव गेला होता.

रात्री नऊच्या सुमाराला पाड्यावर एक जीप आली. डंपरवाल्या शेठचा माणूस, त्याच्याबरोबर गावातला एक ओळखीचा, जो कुणाच्याही अडीअडचणीला आधी पोचतो. घरात रडारड चाललेली. तो ओळखीचा म्हणाला, काका, झालं ते झालं, कोर्टात गेलात तर मयत आठ दिवस मिळणार नाही, चिरफाड करतील, वर्षानुवर्षं खेपा घालाल. शेठ चांगला माणूस आहे, दहा हजार देतो, दिवस-कार्य होईल. म्हाताऱ्या बापानं आणि बायकोनं कागदावर अंगठे दिले. दहातले सात हजार हातात पडले. तीन कशात गेले ते विचारायची कुणाला शुद्ध होती?

तो कागद पुढं आमच्या हाती लागला. त्यावर लिहिलंय की मयत दारूच्या नशेत रस्त्याच्या मधोमध चालत होता, डंपरचालकाचा काही दोष नाही, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, नुकसानभरपाई पूर्ण मिळाली. माणूस दारू प्यायलाच नव्हता. भट्टीवरून सरळ घरी येत होता. ज्या बाईनं अंगठा दिला तिला त्यातलं एक अक्षर वाचून दाखवलेलं नाही.

हा कागद आपल्याला नवा नाही. गवताची रानं अशाच कागदांवर गेली. खावटी दिली म्हणून अंगठा घेतला आणि वर खरेदीखत निघालं. १९७४चा कायदा आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी झाला, कारण असे अंगठे पाड्यापाड्यावर घेतलेले होते. आपण संघटनेत इतकी वर्षं शिकवलं, न वाचता अंगठा देऊ नका. पण ते जमिनीच्या कागदापुरतंच शिकवलं असं आता वाटतं. घरात मयत पडलेली असताना कुणी कागद आणेल हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. शेठनं दिलेले पैसे शेठचे नव्हतेच. मोटारीला तिसऱ्या माणसाचा विमा सक्तीचा आहे, विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा. भरपाई द्यायची असते ती विमा कंपनीनं, आणि त्या चारही कंपन्या सरकारी आहेत. मग शेठ दहा हजार खिशातून का देतो? कधी गाडीचा विमा संपलेला असतो. कधी ड्रायव्हरचं लायसन हलक्या गाडीचं असतं, किंवा क्लीनरच गाडी चालवत असतो. तसं काही असलं तर कंपनी हात वर करते आणि मालकाच्या गळ्याशी येतं. आणि विमा ठीक असला तरी ३०४-अ ची केस असते, निष्काळजीपणानं मरण घडवल्याची. तिच्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही केस सरकारची, ती तुमच्या-शेठच्या समझोत्यानं मिटत नाही. पण समझोता झाला की साक्षीदार गप्प होतात, म्हणून कागद हवा असतो. तेव्हा जीप घेऊन कुणी रात्री आलं तर समजा, त्याला तुमच्यापेक्षा घाई आहे.

त्या अंगठ्यामुळं हक्क मेला का? आम्ही वकिलांना हेच विचारलं. नाही मेला. पण विरुद्ध बाजू तो कागद प्रत्येक तारखेला काढणार आणि आपल्याला प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागणार.

मोटार वाहन कायदा १९८८चा, त्यात १९९४ साली मोठी दुरुस्ती झाली, ती १४ नोव्हेंबर १९९४ पासून लागू आहे. या दुरुस्तीतल्या काही गोष्टी आपल्याच लोकांसाठी केल्यात असं वाटावं इतक्या उपयोगी आहेत. कलम १४० घ्या. दोष कुणाचा हे न बघता मरणाला ५०,००० आणि कायमच्या अपंगत्वाला २५,००० लगेच द्यायचे. पूर्वी २५ आणि १२ हजार होते. आणि मेलेल्या माणसाची चूक होती म्हणून हा पैसा अडवता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे शेठच्या कागदावरची ती दारू या पन्नास हजारांपुरती बिनकामाची. हे ऐकल्यावर ही बाई पहिल्यांदा आमच्या तोंडाकडे नीट बघायला लागली.

पुढं दोन वाटा आहेत. एक कलम १६६ची, तिच्यात ड्रायव्हरचा निष्काळजीपणा साक्षीपुराव्यानं दाखवायचा. पन्नास हजार आधी मिळतात आणि ते शेवटच्या रकमेतून वळते होतात. दुसरी १६३-अ ची. तिच्यात दोष दाखवायची गरज नाही, कायद्याला जोडलेल्या तक्त्याप्रमाणे वय आणि उत्पन्न बघून रक्कम ठरते, पण वर्षाचं उत्पन्न ४०,००० पर्यंतच असलं पाहिजे, आणि ही वाट धरली तर १४०चे पैसे वेगळे मागता येत नाहीत. कुठली धरायची हे घरापरत्वे ठरतं. साक्षीदार धड असेल तर पहिली, नसेल तर दुसरी. या बाईच्या बाबतीत भट्टीवरची एक बाई पाठीमागून चालत होती, तिनं सगळं पाहिलंय आणि ती बोलायला तयार आहे. म्हणून १६६.

किती मिळतात? हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारायची लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही. माणसाची किंमत होत नाही हे खरं, पण त्याच्या कमाईवर जगणारी पोटं मोजता येतात. तक्त्याची रीत अशी. वर्षाची कमाई धरायची, त्यातला तिसरा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा म्हणून वजा, राहिलेल्या रकमेला वयाप्रमाणे आकड्यानं गुणायचं. तीस ते पस्तीस वयाला तो आकडा १७ आहे. ज्याची काहीच कमाई नाही अशा माणसाचीही वर्षाला १५,००० धरायची असं तक्त्यात आहे. आपण तेवढीच धरून बघू. पंधरातले पाच गेले, दहा राहिले. दहा हजार गुणिले सतरा, एक लाख सत्तर हजार. वर मयताचा खर्च २,०००, बायकोचे म्हणून ५,००० आणि मिळकतीच्या नुकसानीचे २,५००. एकूण १,७९,५००. १६६च्या दाव्यात कोर्ट या रकमेला बांधलेलं नाही, पुरावा असेल तर जास्तही देतं, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. शेठचे दहा हजार, म्हणजे सात, याच्या शेजारी ठेवून बघा.

पण पंधरा हजार ही बिनकमाईच्या माणसाची रक्कम आहे. आपला माणूस कमावता होता. अडचण अशी की तो कमावता होता हे दाखवायला कागद नाही. पावसात चार महिने स्वतःचं भात. दिवाळीनंतर भट्टी. मध्ये गवतकापणी, खाडीवर मासळी, रानातून लाकूडफाटा. भट्टीवाला उचल देतो आणि हिशेब स्वतःच्या वहीत ठेवतो. मजुराला चिठ्ठी नाही, मस्टरवर नाव नाही. कंपनीचा वकील विचारतो, पगारपत्रक? आम्ही विचारतो, भट्टीवाल्यानं किमान वेतनाच्या कायद्याप्रमाणे रजिस्टर ठेवलं नाही त्याची शिक्षा मजुराच्या विधवेला का? सरकारनं जाहीर केलेला किमान वेतनाचा दर पुढं करायचा. बरोबर काम करणाऱ्या दोघांच्या साक्षी द्यायच्या. प्लॉटचं भात किती यायचं ते सांगायचं. आणि भट्टीवाल्याकडे आत्तापासून चिठ्ठी मागायची सवय लावायची. तुम्ही हसताय, कारण चिठ्ठी मागितली की उद्यापासून काम बंद. म्हणून एकट्यानं मागायची नाही, सगळ्या जोड्यांनी मिळून मागायची.

बाई मेली तर काय, असं मागून विचारलंय. तक्त्यात घरच्या बाईचं उत्पन्न नवऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं धरायला सांगितलंय. जी पहाटे चारला उठून भाकऱ्या करते, दिवसभर नवऱ्याच्या जोडीनं विटा थापते आणि रात्री लाकडं आणते तिची कमाई तिसरा हिस्सा! हे लिहिणाऱ्यांनी भट्टी पाहिलेली नाही. तेव्हा बाईसाठी दावा करताना ती ‘घरकाम’ करत होती असं लिहू देऊ नका. ती मजुरी करत होती, तिचं काम लिहा.

आता सगळ्यात अवघड जागा. कंपनीचा वकील या बाईला विचारणार, तुझं लग्न झालंय का? पुरावा काय? आपल्यात लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी आधी संसार थाटतात, पोरं होतात, आणि पैसा जमला की लग्न लावतात. कधी पोरांच्या लग्नाच्या मांडवात आईबापाचं लागतं. धवलेरी येते, गाणी होतात, समाज मान्य करतो. पण मान्य तर समाजानं आधीपासून केलेलंच असतं. कोर्टाला पत्रिका लागते, फोटो लागतो. या बाईचं लग्न लागायचं राहून गेलं होतं. यंदाच्या उचलीतून लावायचं ठरलं होतं.

यावर घाबरून खोटी पत्रिका छापून आणू नका. तशी सूचना देणारे भेटतात. खोटा कागद सापडला की खरा दावाही बुडतो. रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचं बापाचं नाव, दवाखान्यातले बाळंतपणाचे कागद, पाड्यावरच्या जाणत्यांच्या साक्षी, यातून दाखवायचं. मुलांचा आणि म्हाताऱ्या आईबापाचा हक्क तर आहेच, त्यांची नावं अर्जात पहिल्यापासून घाला. सुप्रीम कोर्टानं १९८७ साली गुजरातच्या एस.टी.च्या खटल्यात मेलेल्या पोराच्या भावांनासुद्धा भरपाई मागता येते असं म्हटलंय. कायदेशीर प्रतिनिधी म्हणजे नुसती बायको-मुलं असा कोता अर्थ घेऊ नका, असं कोर्टाचं म्हणणं. आपल्यासारख्यांना ही वाट मोलाची आहे.

पहिल्या दिवशी काय करायचं ते आता सांगतो. प्रत्येक पाड्यावर दोघांनी तरी हे पाठ करायचं आहे.

जखमीला आधी दवाखान्यात. पोलीस केस आहे, आधी कागद आणा, असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. १९८९ साली परमानंद कटारांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचं नंतर. त्या खटल्यामागं एक स्कूटरवाला होता. त्याला मोटारीनं उडवलं, जवळच्या दवाखान्यानं घेतला नाही, वीस किलोमीटरवर पाठवला, वाटेत मेला. ड्रायव्हरवरही जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी कायद्यानं टाकलीय. जमावानं ड्रायव्हरला मारायचं नाही. तो जिवाच्या भीतीनं पळाला की गाडी, नंबर, लायसन सगळं जातं, आणि वर आपल्या पोरांवर दंगलीची कलमं लागतात.

गाडीचा नंबर. रात्री दिसत नाही, खरं आहे. पण पूर्ण नंबर नाही मिळाला तरी शेवटचे चार आकडे, रंग, मागं काय लिहिलंय, कशानं भरली होती, कुठल्या बाजूला गेली, एवढं तरी सांगा. शाळेत जाणारं पोर जवळ असेल तर त्याला लगेच लिहायला लावा. कागद नसला तर हातावर लिहा.

जागेवरचं काही हलवू नका. या माणसाच्या चपला रस्त्याबाहेर गवतात पडल्या होत्या, तो कडेनं चालत होता याची ती खूण होती. भावानं मायेनं उचलून घरी आणल्या. पंचनाम्यात मग ‘रस्त्याच्या मध्यभागी’ असं आलं. पंच कोण होते? ज्याच्या डंपरनं मारलं त्याच्याच ओळखीचे. पंचनाम्याला आपला शिकलेला माणूस उभा करा, लिहिलेलं वाचून घ्या, पटलं नाही तर सही करू नका.

शवविच्छेदन होऊ द्या. इथं आम्हाला कठोर व्हावं लागतं. मयत लवकर घरी न्यावी, तिची विटंबना नको, हे आम्हालाही कळतं. पण शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर माणूस गाडीनंच मेला हे पुढं कशानं दाखवणार? आठ दिवस मयत मिळत नाही हे खोटं आहे. नुसती ए.डी. करून पाठवत असतील तर बसून राहा, गुन्ह्याची फिर्याद नोंदवायला लावा. फिर्यादीची नक्कल फिर्याद देणाऱ्याला फुकट द्यायची असते. घेतच नसतील तर तीच हकिगत ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवायची, पोचपावती जपून ठेवायची.

१९९४च्या दुरुस्तीनं पोलिसांवर आणखी एक काम टाकलंय. अपघाताचा रिपोर्ट तीस दिवसांत त्यांनी क्लेम ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला पाठवायचा, आणि तो रिपोर्टच ट्रिब्युनलनं अर्ज समजायचा. म्हणजे कायद्याच्या मते तुम्ही घरी बसलात तरी दावा सुरू व्हायला हवा. तसा झालेला आम्ही अजून पाहिलेला नाही. म्हणून विसाव्या दिवशी जाऊन विचारा, रिपोर्ट गेला का, जावक नंबर काय. गाडीचा मालक कोण आणि विमा कुठला ही माहिती मागणाऱ्याला देणं पोलिसांना आणि आर.टी.ओ.ला बंधनकारक आहे.

सहा महिन्यांत अर्ज केला नाही तर दावा गेला, असं अजून बरेच जण सांगतात. काही वकीलसुद्धा. ती मुदत दुरुस्तीनं काढून टाकली. गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टानं धन्नालालच्या खटल्यात तेच सांगितलं. तुमच्या पाड्यावर असं जुनं प्रकरण धूळ खात असेल तर आज दुपारी आणून दाखवा. मुदत गेली म्हणून आपण स्वतःच सोडून दिलेली घरं बरीच निघतील अशी आम्हाला भीती आहे.

जव्हार, मोखाडा, डहाणूहून भट्टीवर आलेल्यांसाठी एक. पूर्वी अपघात जिथं झाला तिथल्याच ट्रिब्युनलकडे जावं लागे. आता तुम्ही जिथं राहता, किंवा गाडीवाला जिथं राहतो, तिथंही अर्ज चालतो. गुजरातेत भट्टीवर किंवा बोटीवर गेलेला माणूस तिकडं मेला तर दावा इथं ठाण्याला करता येईल.

आणि शेठच्याच ट्रॅक्टरवर, ट्रकवर बसून कामाला जाताना मेला तर? मालाच्या गाडीत माणसं बसवायची परवानगी नव्हती, असं विमा कंपनी म्हणते आणि अंग काढून घेते. म्हणून फिर्यादीत पहिल्यापासून स्पष्ट लिहायचं की तो गाडीवर हमाल होता, माल भरायला-उतरवायला होता. फुकट बसलेला नव्हता. अशा वेळी कामगार नुकसानभरपाई कायद्याची वाटही आहे, १९९५ पासून मरणाला कमीत कमी ५०,०००. दोन्हींतली एकच घेता येते, तेव्हा आधी हिशेब करून मग ठरवा. रेल्वेचं वेगळं आहे. नायगाव-भाईंदरच्या मध्ये रूळ ओलांडताना गेलेल्यांचं विचारताय, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू, ते सोपं नाही.

वकील. आदिवासी माणसाला, कुठल्याही बाईला, मुलाला सरकारी खर्चानं वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. हा कायदा १९८७चा, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ला, म्हणून अजून कोर्टातल्या कारकुनालाही सांगावं लागतं. जिल्हा कोर्टात अर्ज करायचा, जातीचा दाखला जोडायचा. दाखला काढून ठेवलेला नसेल तर तिथंच अडतं, तेव्हा प्लॉटच्या दाव्यासाठी काढाल त्याची एक जादा नक्कल ठेवा. दवाखान्याबाहेर आणि पोलीस ठाण्याबाहेर जे एजंट फिरतात, कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेतात आणि मिळेल त्यातला तिसरा हिस्सा मागतात, त्यांच्या नादी लागू नका. मिळणाऱ्या रकमेत वकिलानं टक्का ठेवणं हे बार कौन्सिलच्या नियमाविरुद्ध आहे. मेहनतीची फी घ्यावी, त्याला आमचा विरोध नाही.

पैसे मिळाल्यावर काय होतं तेही आम्ही पाहिलंय. सोयरे येतात, दुकानदार उधारीची वही काढतो, मोटरसायकल येते. सुप्रीम कोर्टानं १९९३ साली केरळच्या एस.टी.च्या खटल्यात सांगितलंय की मुलांचा हिस्सा बँकेत मुदतठेवीत ठेवावा, आणि अडाणी दावेदाराचे पैसेही तसेच सुरक्षित ठेवावेत. आम्हाला तो ‘अडाणी’ शब्द आवडत नाही, पण व्यवस्था चांगली आहे. व्याज महिन्याला बाईच्या हातात यावं असं कोर्टाकडून लिहूनच घ्या.

आणि आता दुपारच्या विषयाशी जिथं हे जुळतं ते. माणूस गेला की तीन महिन्यांत वारसनोंदीची वर्दी तलाठ्याकडे द्यायची असते. भरपाईच्या धावपळीत ते राहून जातं. सात-बारावर मेलेल्याचं नाव तसंच राहतं, आणि मग कुणीतरी चुलता नाहीतर शेठ उभा राहतो. या बाईच्या नवऱ्याचा वनप्लॉट आहे. १९७८च्या शासन निर्णयाप्रमाणे केलेला दावा बापाच्या नावावर, कसणारा हा. लग्न लागलं नव्हतं म्हणून तिला कोर्टात जो प्रश्न विचारणार तोच उद्या तलाठी विचारणार. तेच रेशनकार्ड, त्याच साक्षी, तेच शाळेचे दाखले. म्हणून आम्ही दोन्ही फायली एकत्रच केल्या. गवताचं रान तिच्या सासऱ्यानं तीन वर्षांपूर्वी चार हजारांवर एका व्यापाऱ्याला अंगठ्यावर दिलंय. कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला जमीन जातच नाही, कलम ३६-अ आहे. तो अर्ज वेगळा चालू आहे. पन्नास हजार आले तर त्यातून व्यापाऱ्याचं देणं फेडू, असं ती म्हणत होती. आम्ही तिला थांबायला सांगितलंय. जो व्यवहारच बेकायदा, त्याचे पैसे नवऱ्याच्या मरणातून कशाला? यावर आमच्यातही दोन मतं आहेत. दुपारी त्यावर बोलू, तिच्या सासऱ्यालाही बोलू द्या.

तिची ठाण्याची तारीख येत्या मंगळवारी आहे. पन्नास हजारांच्या अर्जावर सुनावणी आहे. पाठीमागून चालणारी ती बाईही येणार आहे, तिची त्या दिवशीची मजुरी संघटना देणार. शेठची माणसं तिच्याकडे दोनदा येऊन गेलीत, म्हणून ती सध्या बहिणीकडे राहते. कोर्टात गर्दी नको, पण या दोघी एकट्या जाऊ नयेत. वसईहून घोडबंदरमार्गे जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.नं निघायचं आहे. चार बायका आणि लिहिता येणारे दोघे पाहिजेत. ज्यांना जमेल त्यांनी जेवायच्या आधी नाव सांगा. भाकरी बांधून आणा, तिथं दिवस जातो.